उष्माघातातून बरं होताना अंघोळ आणि अंगाची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट क्लिअर करते. हे सगळं पेशंट दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं आहे. माणूस आत्ता असंबद्ध बडबडतोय, अंग भाजतंय, झटके येतायत, शुद्ध हरपतेय असं असेल तर हे वाचत बसू नका, १०८ लावा, सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घालत राहा, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

मी विदर्भातल्या एका वॉर्डात सिस्टर आहे. एप्रिल लागला की डिस्चार्ज पेपर हातात घेतलेले नातेवाईक गोळ्यांचं विचारायच्या आधी अंघोळीचंच विचारतात, आणि जाताना दारातून परत वळून विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आजच सुट्टी झाली. घरी गेल्या गेल्या अंघोळ घालू का?

घाला, पण गेल्या गेल्या नको. गाडीतून आलेला माणूस आधी अर्धा पाऊण तास पडू द्या, दोन ग्लास पाणी नाहीतर ओआरएस पोटात जाऊ द्या, थर्मामीटर लावून ताप बघा. ताप नॉर्मल आहे, बोलणं नीट आहे, उभं केलं तर डोळ्यासमोर अंधारी येत नाही, एवढं जमलं की बसवून अंघोळ. यातलं एक जरी नसेल तर त्या दिवशी ओल्या पंचाने पुसून घ्या, काही बिघडत नाही.

आजी लोकांचं म्हणणं असतं की दवाखान्याचा वास जायला पाहिजे अंगाचा, आणि ते खरंय, तीन चार दिवस सलाईनवर पडून राहिलेल्या माणसाच्या अंगावर पाणी पडलं की चेहराच बदलतो. फक्त हे डोक्यात ठेवा की ही अंघोळ आता इलाज नाहीये. इलाज झाला, ताप उतरला, आता जी अंघोळ आहे ती स्वच्छतेची आणि बरं वाटायची, त्यामुळे तिच्यात जोर लावायची गरज नाही, ना गारव्याचा ना घासण्याचा ना वेळेचा. पाच सात मिनिटं पुष्कळ झाली.

दवाखान्यात तर बर्फ लावला होता, मग घरी बादलीत बर्फ टाकायला काय हरकत आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रागवायचं कारण नाही, कारण लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तेव्हा शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर होतं, म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या वर, आणि मेंदू, लिव्हर, किडनी प्रत्येक मिनिटाला खराब होत होती, तिथे जितकं लवकर गार करता येईल तितकं करायचं असतं. आणि तिथेही आम्ही सारखा ताप मोजत असतो, ३८-३९ च्या आसपास आला की थांबतो, नाहीतर तो खालीच घसरत जातो.

घरी तापमान नॉर्मल झालेल्या माणसावर बर्फाचं पाणी ओतलं की कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, हुडहुडी भरते, आणि हुडहुडी म्हणजे स्नायू थरथरून स्वतःच उष्णता तयार करतात, म्हणजे केलं उलटंच. त्यात साठीच्या पुढचा माणूस, बीपी आहे, हार्टचं काही आहे तर एकदम गार पाण्याने बीपी उसळतं आणि छातीवर ताण येतो. कोपर बुडवून बघा, ना गरम लागलं पाहिजे ना झोंबलं पाहिजे, अंगापेक्षा किंचित गार एवढंच. माठातलं पाणीसुद्धा ओतायला नको, ते प्यायला ठेवा.

आमच्याकडे दुपारी नळालाच चटका देणारं पाणी येतं, काय करायचं?

विदर्भ मराठवाड्यात ज्यांच्या गच्चीवर काळी टाकी आहे त्यांना हे सांगायला नको, दुपारी दोनला गीझर बंद असताना हात भाजतो. आणि गंमत म्हणजे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही, पेशंटला म्हणतात "जा बाबा, गार पाण्याने अंघोळ कर" आणि नळ सोडला की त्याच्या डोक्यावर गरम पाणी. पाइप उन्हात असतील तर टाकीत थोडं बरं पाणी असलं तरी पहिले दोन मगे उकळलेलेच येतात.

उपाय अगदी साधा आहे. पहाटे साडेपाच सहाला दोन बादल्या भरून बाथरूममध्ये झाकून ठेवायच्या, दिवसभर तेच वापरायचं. टाकीवर ओलं पोतं नाहीतर हिरवी नेट टाकली तरी फरक पडतो. वेळ म्हणाल तर एक सकाळी लवकर आणि एक सूर्य मावळल्यावर, झोपायच्या आधीची अंघोळ तर मी सगळ्यांना करायलाच सांगते, झोप चांगली लागते. दुपारी बारा ते चार बाथरूममध्ये जाऊच नका, पत्र्याचं असेल तर अजिबातच नाही, आत भट्टी झालेली असते. फार वाटलं तर हातपाय तोंड धुवा, मानेवरून ओला पंचा फिरवा.

आबाजींना कढत पाण्याशिवाय अंघोळ झाल्यासारखंच वाटत नाही. मे महिन्यातही गरम पाणी मागतात.

असतात असे. पण गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, रक्त तिकडे जातं, बीपी खाली येतं, आणि अशक्त माणूस अंघोळ करून उठला की तिथेच कोसळतो. त्यात बीपीची गोळी सकाळी घेतलेली असेल, लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर अजून. वाद घालू नका, गार पाण्याच्या बादलीत एक तांब्या गरम घालून द्या, वाफ निघाली नाही पाहिजे एवढं बघा. आणि बीपीच्या, लघवीच्या, झोपेच्या, डोक्याच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का हे विचारून घ्याच, यातल्या कितीतरी औषधांनी शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते किंवा अंगातलं पाणी कमी होतं. मनाने बंद मात्र करू नका.

बाथरूममध्ये एकटं सोडू का? आमचे काका कोणाला आत येऊ देत नाहीत.

पहिले काही दिवस नाही. म्हणजे नाहीच. या सगळ्या पानावर एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. लोक पाणी गार की गरम यावर घरात भांडतात आणि खरा घोटाळा होतो तो पडण्याने. तोल सांभाळायचं काम करणारा जो लहान मेंदू असतो ना, तो उष्णतेला फार नाजूक असतो, त्यामुळे उष्माघातानंतर काही जणांची चाल डगमगते, जीभ थोडी जड होते, हातात पाण्याचा मगा नीट धरता येत नाही. बरेच जण काही दिवसांत सुधारतात, काहींना वेळ लागतो. दिसायला माणूस ठणठणीत, चहा पितो, गप्पा मारतो, आणि ओल्या फरशीवर पाय टाकला की जातो.

करायचं काय तर एक प्लास्टिकचं स्टूल, चारी पायांना रबर असलेलं, भिंतीला टेकवून ठेवा. खाली पाटावर बसवू नका, बसताना बरं वाटतं पण पाटावरून उठताना डोकं खालून एकदम वर येतं, नेमकी तिथेच चक्कर येते. बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही. मग छोटा द्या, मोठा भरलेला मग उचलताना हात थरथरतो. फरशीवर साबणाचं पाणी साचू देऊ नका, जुनं पोतं किंवा रबरी मॅट टाका. झालं की लगेच उठायचं नाही, बसल्या बसल्याच अंग पुसायचं, पाय चार वेळा हलवायचे, एक मिनिट थांबायचं, मग भिंतीला धरून उठायचं.

कडी आतून लावायची नाही. काकांना लाज वाटते ते बरोबर आहे, त्यांचा मान ठेवा, बर्म्युडा किंवा पंचा नेसून अंघोळ करू द्या, दार लोटलेलं आणि बाहेर मुलगा नाहीतर भाऊ उभा, दर मिनिटाला "झालं का हो काका" असं विचारत. आवाज आला नाही तर आत जायचं. सुनेला उभं करू नका, ते काका घाई करतात आणि घाईत पडतात.

उठवतच नाहीये त्यांना. अंथरुणातच पुसायचं तर कसं?

हे नीट शिकून घ्या, सोपं आहे पण लोक एकच ओला टॉवेल डोक्यापासून पायापर्यंत फिरवतात आणि झालं म्हणतात.

दोन पातेली घ्या, एकात साबणाचं हलकं पाणी, एकात साधं. चार मऊ सुती पंचे किंवा जुन्या धोतराचे तुकडे. गादीवर मेणकापड आणि वर जुनी चादर. खिडकी उघडी चालेल, पण पेशंटला पूर्ण उघडं करून ठेवायचं नाही, जो भाग पुसताय तेवढाच उघडायचा. आधी डोळे, साध्या पाण्याने, नाकाकडून कानाकडे, दोन्ही डोळ्यांना कापडाचं वेगळं टोक. मग चेहरा, कानामागे, मान. हात, काखा, छाती, पोट. मग कुशीवर वळवून पाठ. मग पाय, बोटांच्या बेचक्या. जांघा आणि गुप्तांग सगळ्यात शेवटी, वेगळ्या कापडाने, बायकांना पुढून मागे, आणि ते कापड परत वापरायचं नाही. प्रत्येक वेळी साबणाच्या कापडानंतर साध्या पाण्याचं, मग कोरडं टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

पाठ पुसताना थांबून बघा. माकडहाड, दोन्ही टाचा, खुबे, खांद्याची हाडं. कुठे लालसर डाग आहे आणि बोटाने दाबून सोडला तरी लालच राहतोय तर तिथे बेडसोर सुरू होतोय, त्या कुशीवर झोपवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. तळपायही बघा हं, उन्हात रस्त्यावर, पत्र्यावर किंवा गच्चीवर पडलेल्या माणसाला टेकलेल्या जागी चटका बसून फोड आलेले असतात आणि दवाखान्याच्या धावपळीत ते राहून जातात. फोड फोडू नका, टूथपेस्ट लावू नका, स्वच्छ कापड झाकून दाखवून आणा.

अंघोळीनंतर ओलं अंग कूलरसमोर धरलं तर चालतं का?

वाऱ्याला बसायला हरकत नाही. पण ओल्या हाताने, ओल्या पायाने, ओला टॉवेल गुंडाळून कूलरला हात लावायचा नाही. दर उन्हाळ्यात आमच्या भागात पेपरला बातम्या येतात, लोखंडी बॉडीचा कूलर, अर्थिंग नाही, खाली पाणी सांडलेलं, आणि अंघोळ करून आलेला माणूस नाहीतर खेळतं पोर चिकटलं. पाणी भरताना आधी पिन काढायची, बटण बंद केलंय एवढ्यावर भागत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारं बटण, बसवून घ्या, पेशंट बरा करून शॉकने घालवायचा का.

दुसरं, कूलरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेऊ नका, आणि ते आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासा, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

नुसत्या पंख्याचं सांगते. आपल्या कातडीचं तापमान असतं साधारण ३५ अंश, खोलीतली हवा ४२ झाली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अंग ओलं असेल तर फायदा होतो, कोरड्या अंगावर नाही. म्हणून दुपारी पंख्याखाली झोपवताना अंगावर ओला पातळ पंचा ठेवा आणि वाळला की परत भिजवा.

आम्ही मुंबईत राहतो, ओला पंचा ठेवला तरी काहीच गार वाटत नाही.

कारण तो वाळतच नाही. गारवा पाण्याने येत नाही, पाणी वाळताना येतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच टपटप गळून पडला तर जवळपास काहीच नेत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत नेमकं तेच होतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरचा महाराष्ट्र भूषणचा कार्यक्रम आठवा, पारा चाळीसच्याही खाली होता, तरी उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा जीव गेला. त्यामुळे मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इकडे कूलर उपयोगाचा नाही, एसी असेल तर २६-२७ वर लावा, नसेल तर दिवसातून तीन चारदा छोटी अंघोळ घाला, अंग टिपून कोरडं करा आणि मग पंख्याखाली बसवा. ओलं कापड तासन् तास गुंडाळून ठेवू नका, अंग शिजतं आणि जांघेत खाज सुटते ती वेगळी.

साबण कोणता? आणि घामोळ्या आल्यात, पावडर टाकू ना?

साबण रोजचाच, सौम्य, वास कमी असलेला असेल तर बरं. दिवसातून एकदाच साबण, दुसऱ्या अंघोळीला नुसतं पाणी. बादलीत जंतुनाशकाचं झाकण ओतायची सवय आहे लोकांना, गरज नाही, तापून कोरडी झालेली कातडी अजून सोलते. वजरी, घासणी, उटणं काही दिवस बाजूला ठेवा.

घामोळ्यांचं असं की घामाच्या नळीचं तोंड बंद झालेलं असतं, घाम आतच अडकतो आणि पुरळ उठतं, आणि तेवढ्या भागातून घाम बाहेर येत नाही म्हणजे तिथून अंग गारही होत नाही. ज्याला नुकता उष्माघात झालाय त्याच्या पाठभर घामोळ्या म्हणजे सौंदर्याचा प्रश्न नाहीये. पावडरचा जाड थर टाकला की घामात भिजून त्याचा लगदा होतो आणि तोंडं अजून बुजतात. थंडगार वाटणारी पावडर मेंथॉलने गार वाटते, अंगाचं तापमान उतरत नाही. टाकायचीच तर कोरड्या अंगावर हलका हात, आणि लहान बाळाला तर पावडरच नको, नाकातोंडातून फुफ्फुसात जाते. तेल, जाड क्रीम, व्हॅसलीन घामोळ्यांवर लावू नका. गार पाणी, सुती सैल कपडा, मोकळी हवा, एवढ्याने बहुतेक वेळा बसतात. कॅलामाइन लोशन लावलं तर खाज कमी होते.

जांघेत लाल चकती आलीय, मेडिकलवाल्याने क्रीम दिलं.

नाव वाचून बघा. त्यात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, दोन दिवस खाज थांबते आणि मग दाद मांडीभर पसरते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत अंघोळीनंतर जांघ पूर्ण कोरडी, चड्डी सुती आणि दिवसातून दोनदा बदललेली, टॉवेल वेगळा आणि उन्हात वाळवलेला.

सलाईनची सुई काढली तिथे गाठ आलीय, पाणी लागलं तर चालेल?

सुई काढून एक दिवस झाला, रक्त येत नाहीये, तर पाणी लागू द्या, घासू नका. निळं पडलेलं असेल तर आपोआप जातं. पण दुखणारी, लाल, गरम लागणारी दोरीसारखी शीर वर चढत असेल किंवा पू असेल तर दाखवा, चुना हळद लावून ठेवू नका. लघवीची नळी लावली होती आणि आता काढली असेल तर दोन तीन दिवस जळजळ होते का, थंडी वाजून ताप येतो का बघा.

तोंडाला फार कोरड पडते, ओठ फाटलेत.

मऊ ब्रश, दोन वेळा, पेस्ट थोडीच. तंबाखूची मशेरी आणि खर्रा बंद, हे मी सांगून कोणी ऐकत नाही तरी सांगते. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून चुळा भरा, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन. पेशंट गुंगीत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ओल्या कापडाने हिरड्या आणि जीभ पुसा.

आणि ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात बनवा. मोठं पाकीट पूर्ण एका लिटरमध्ये, अर्ध अर्ध अंदाजाने नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. दुकानातलं गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नाही. किडनीचा किंवा हार्टचा पेशंट असेल तर दिवसाला किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

डोक्यावर तेल थापू का? मेंदी? कांद्याचा रस?

डोकं धुवायचं पहिल्या दिवशी राहू द्या, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी धुवा, ओल्या केसांनी बरं वाटतं. तेल दोन थेंब बोटांनी मुरवलं तर ठीक, पण टाळू भरून तेल थापून टॉवेल बांधून बसवू नका. मेंदी दोन आठवड्यांनी लावा, ती धुवायला अर्धा तास वाकून बसावं लागतं आणि काळ्या मेंदीत डाय असतो, त्याने टाळू भाजते.

कांदा. तळपायाला कांद्याचा रस चोळल्याने लू उतरते हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. कातडीला नुकसान नाही फारसं, फोड असतील तर झोंबेल. पण उष्माघातावर त्याचा उपयोग नाही, आणि माझा राग कांद्यावर नाही, त्यात जो पाऊण तास जातो त्यावर आहे, त्या पाऊण तासात अंगावर दहा बादल्या पाणी पडलं असतं. खिशात कांदा ठेवून डोक्याला दुपट्टा बांधून जायचं तर खुशाल जा, दुपट्ट्याचा फायदा होतो. कैरीचं पन्हं चालतं, शुगरवाल्यांनी गूळ साखर बेताने, बीपीवाल्यांनी मीठ बेताने. स्पिरिट किंवा कोलोन अंगाला चोळणं मात्र बिलकुल नको.

लघवीचा आणि अंघोळीचा काय संबंध, तुम्ही लघवी बघायला का सांगता?

बाथरूममध्ये नेताच आहात म्हणून. फिकट पिवळी म्हणजे पाणी पुरतंय, गडद पिवळी म्हणजे कमी पडतंय. चहासारखी किंवा कोलासारखी काळपट आली तर ती दाखवायलाच हवी त्याच दिवशी, उष्माघातात स्नायू तुटून त्याचा माल किडनीत अडकतो. तसंच तोंड धुताना डोळ्यांचा पांढरा भाग उजेडात बघा. लिव्हरचे रिपोर्ट उष्माघातानंतर दोन तीन दिवसांनी जास्त बिघडलेले दिसतात, तेव्हा लवकर सुट्टी झाली असेल तर पिवळेपणा घरीच दिसू शकतो. म्हणूनच अंग दुखतंय म्हणून मनाने पॅरासिटामॉल किंवा पेनकिलर देत बसू नका, विचारून द्या.

पाळी आलीय, अंघोळ करू नको म्हणतात घरचे.

करा. रोज करा. पॅड चार ते सहा तासांनी बदला, भरलेलं नसलं तरी, घामाने आतल्या मांड्या सोलवटतात.

बाळंतीण आहे, तिला उष्माघात होऊन गेला. आता शेक शेगडी बंद करायची का?

हो, आणि यावर मी सासूबाईंशी भांडायला तयार आहे. मे महिन्यात, बाहेर ४५, खोलीची दारं खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, डोक्याला कानाला घट्ट फडकं, वर कढत पाण्याच्या बादल्या. आपल्या आज्यांनी हे थंडी पावसाच्या दिवसांसाठी केलं असेल, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कोणी करत असेल तर त्या खोलीत बाळ बाळंतीण दोघांचाही जीव धोक्यात आहे. शेगडी बाहेर, खिडकी उघडी, कानाचं फडकं सोडा, पाणी कोमटाच्याही खाली. टाके असतील तर ती जागा धुवून टिपून कोरडी ठेवायची. मालिश हवंय तर हलक्या हाताने संध्याकाळी, तेल धुवून काढायचं. तिला पाणी भरपूर, अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्तच लागतं. बाळालाही तीन तीन झबली टोपडी नको, त्याच्या मानेला हात लावून बघा, घाम किंवा गरम लागलं तर एक कपडा काढा.

पाणीच नाहीये. टँकर चार दिवसांनी येतो.

मग अंघोळ सोडा, पुसणं सोडू नका. दोन अडीच लिटरमध्ये पूर्ण अंग पुसून होतं. त्यातही कमी असेल तर चेहरा, मान, काखा, जांघा, पाय. आणि प्यायचं पाणी वाचवून अंघोळ नको, आधी पोटात.

घाम यायचाच बंद झालाय. की उलट आहे, फार येतोय. यातलं चांगलं कुठलं?

नुसत्या घामावरून ठरवू नका, ताप मोजा. शेतात कष्ट करताना उष्माघात झालेल्या तरुण माणसाला अंग घामाने ओलं असतानाच तो होतो, म्हातारी माणसं घरात बसल्या बसल्या कोरडी पडतात. घरी आल्यावर काही आठवडे शरीर उष्णता नीट झेलत नाही, थोडं ऊन, थोडं काम आणि लगेच गळून जायला होतं, ते नॉर्मल आहे. आराम करून, पाणी पिऊन, अंग पुसूनही ताप १०१ च्या वर राहिला, पुन्हा उलट्या, गोंधळलेलं बोलणं, झटका, दम, लघवी सात आठ तास नाही, तर दवाखाना, आणि नेतानाही गाडीत ओलं कापड फिरवत न्या. तो ताप दुसऱ्या इन्फेक्शनचाही असू शकतो, म्हणून घरात अंदाज लावत बसायचं नाही.

विहिरीत पोहायला जाऊ का? शेतावर कधी पाठवू?

विहीर, नदी, तलाव इतक्यात नको, चक्कर आली तर पाण्यात कोण धरणार. जिम, पळणं, भरतीचा सराव किमान आठवडाभर पूर्ण बंद, मग तपासणी, रक्ताचे रिपोर्ट बरे आले की सकाळच्या गारव्यात थोडं थोडं वाढवत न्यायचं. शरीराला उन्हाची सवय परत व्हायला एक दोन आठवडे लागतात. मजुरीचं पण हेच, आणि मला माहितीये की तेंदूपत्त्याचा सीझनच मे मधला असतो आणि रोजी बुडते, ठेकेदार थांबत नाही. तरी पहिल्या आठवड्यात त्या माणसाला जंगलात नका पाठवू, नंतर पाठवलंच तर पहाटे पाठवा, दहाच्या आत घरी, सोबत कोणीतरी आणि पाण्याची कॅन.

दाढी, नखं, केस कापायला सलूनमध्ये नेलं तर?

नखं घरीच कापा, खाजवून कातडी फाटते. दाढी घरी, बसवून, ट्रिमर असेल तर उत्तम, तापून सोललेल्या गालावर ब्लेड नको. सलूनमध्ये न्यायचं तर सकाळी उघडल्या उघडल्या न्या, आणि त्याला आधीच सांगा की मान मागे टाकून डोक्याची मालिश नको आणि वाफही नको, नुसते केस बारीक कर.